पहिल्या अपत्याचं नाव

१

शुक्रवारी दुपारी सालोंगोंना स्वतःच्याच कंपनीत शिरता येईना.

म्हणजे खुर्चीत ते व्यवस्थित बसले होते. समोर आल्याचा चहा होता, दारावर त्यांच्या नावाची पाटी होती. पण कॉम्प्युटर ओळख द्यायला तयार नव्हता. पासवर्ड चुकला, पुन्हा टाका. पुन्हा टाकला, पुन्हा चुकला. आता ही काही बिस्किटं विकणारी कंपनी नव्हे. कंपालातल्या न्तिंदा भागात तिसऱ्या मजल्यावर असलेली ही ‘लुकोमेरा’. लुकोमेरा म्हणजे कुंपण, आणि धंदाही कुंपणाचाच. हॉस्पिटलं, पतसंस्था, शाळा, सगळ्यांचे कॉम्प्युटर चोरांपासून राखायचे. आणि राखणदाराच्याच घराला कुणीतरी नवं कुलूप घालून गेलं होतं.

तासाभरात कंपनीच्या तांत्रिक माणसाने खातं उघडून दिलं आणि उलगडा झाला. आदल्या दिवशी, गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत, कुणीतरी सालोंगोंच्या नावापुढे ‘पासवर्ड विसरलात का?’ हे बटण दाबलं होतं. कॉम्प्युटरने त्यांचा जुना गुप्त प्रश्न विचारला: ‘तुमच्या पहिल्या अपत्याचं नाव काय?’ समोरच्याने उत्तर दिलं, नवा पासवर्ड घातला, आत शिरून एकच फाइल उघडली आणि गेला. त्या फाइलमध्ये शुक्रवारच्या लेखी परीक्षेचे प्रश्न होते. कंपनीला सुरक्षा तज्ज्ञाची एक जागा भरायची होती, त्यासाठीचे. परीक्षेच्या प्रती आधीच छापून ठेवलेल्या असल्याने शुक्रवारी सकाळी परीक्षा बिनबोभाट पार पडली होती. आणि लान्येरो नावाच्या, उत्तरेकडच्या गुलू शहरातल्या मुलीने पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते.

संध्याकाळी मला सालोंगोंचा फोन आला. मी नाम्पीमा. कॉम्प्युटरच्या चोऱ्या उकरून काढणं हा माझा धंदा. वीस वर्षं हेच करतेय आणि अजूनही असा फोन आला की हातातलं काम टाकून उठते. फक्त सालोंगोंचं पहिलं वाक्य ऐकून मी जरा भडकले. ते म्हणाले, चोर सापडलाय, तू फक्त येऊन सिद्ध करून दे.

“मग मला कशाला बोलावता, पोलिसांना बोलवा,” मी म्हटलं.

“सोमवारी बोलावणारच आहे. पण आधी मला खात्री हवी.”

“आणि चोर तीच मुलगी कशावरून? पैकीच्या पैकी मार्क मिळवणं हा काही गुन्हा नाही.”

सालोंगो म्हणाले, “कारण गुरुवारी सकाळी तिने हीच चोरी आम्हा तिघांच्या समोर बसून, हसत हसत करून दाखवली होती.”

२

शनिवारी सकाळी मी मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून न्तिंदाला पोचले. सालोंगो चेहरा पाडून बसले होते, म्हणून मी आधी रेहेमाला गाठलं. रेहेमा कंपनीत माणसं नेमायचं काम बघते. चार वर्षांपूर्वी आली, आता तिच्याशिवाय पान हलत नाही. गुरुवारच्या तोंडी परीक्षेला तिघं बसले होते: सालोंगो, त्यांचा उजवा हात बर्नाबास, आणि ती. तिने सगळं इतकं रंगवून सांगितलं की मला तिथे नसल्याची हळहळ वाटली.

तोंडी परीक्षेत सालोंगोंचा एक आवडता प्रश्न असतो. जगातलं सगळ्यात कच्चं कुलूप कुठलं? बाकीच्या उमेदवारांनी पुस्तकी उत्तरं दिली. सोपे पासवर्ड, जुने प्रोग्राम, फुकटचं वायफाय. लान्येरो म्हणाली, गुप्त प्रश्न. आणि वर सालोंगोंकडे बघून बोलली:

“साहेब, मी आल्यापासून सगळे तुम्हाला सालोंगो म्हणतायत. म्हणजे तुम्ही जुळ्यांचे बाप. तुम्हा लोकांत जुळ्यांची नावं ठरलेली असतात, आमच्याकडेही असतात. मुलगे असतील तर वास्वा आणि काटो, मुली असतील तर बाबिरिये आणि नाकाटो. त्यांच्या आधी मूल झालेलं असेल तर ते कीगोंगो. माझी-तुमची ओळख अर्ध्या तासाची. तरी तुमच्या घराच्या निम्म्या किल्ल्या माझ्या हातात आहेत.”

सालोंगो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यांनी लगेच फोनमधला फोटो काढून तिला दाखवला. ही कीगोंगो, ही बाबिरिये, ही नाकाटो, सगळं बरोबर आहे बघ. रेहेमाने तर टाळ्या वाजवल्या. मग बर्नाबासने विचारलं की प्रत्यक्ष कामाचा काही अनुभव आहे का. लान्येरोने सांगितलं की गुलूजवळच्या एका पतसंस्थेच्या प्रोग्राममध्ये तिला एक मोठं भोक सापडलं होतं. कुणीही उठावं आणि कुणाच्याही खात्यात शिरावं. तिने संस्थेला पुन्हा पुन्हा कळवलं, कुणी दाद दिली नाही. “ज्याने तो प्रोग्राम लिहिला त्याने दार लावलं आणि किल्ली बाहेर खिळ्याला टांगून गेला,” असं ती म्हणाली. पुन्हा सगळे हसले आणि जेवायला उठले. जेवण प्रशिक्षणाच्या खोलीत मांडलं होतं आणि चोरी तिथल्याच एका कॉम्प्युटरवरून झाली होती. खोलीत तेव्हा तिघं परीक्षक आणि शेवटची उमेदवार लान्येरो, एवढेच होते. सगळे ताटं घेऊन इकडेतिकडे फिरत होते, कुणी कुणाकडे लक्ष दिलं नव्हतं.

“तुला ती मुलगी आवडली होती का?” मी रेहेमाला विचारलं.

“आवडली होती, म्हणून तर जास्त राग आला,” ती म्हणाली. मग खाली बघत तिने एक गोष्ट स्वतःहून सांगून टाकली. तिचा मावसभाऊही उमेदवार होता आणि तोंडी परीक्षेतच गळला होता. “तुम्हाला बाहेरून कळण्याआधी मीच सांगते. सालोंगोंच्या मुलींचे वाढदिवसाचे केक मीच नेते, त्यांची नावंही मला पाठ आहेत. माझ्यावर संशय घ्यायचा तर घ्या.”

मी घेतलाच. मोकळेपणाने बोलणाऱ्या माणसावर मी जरा जास्तच संशय घेते, सवय आहे.

बर्नाबास मात्र पहिल्या भेटीतच आवडून जावा असा माणूस. उंच, भरदार, बोलणं मधाचं. वर्षभरापूर्वी सीमेपलीकडच्या जुबा शहरातून परतला होता. माझ्यासाठी त्याने स्वतः खुर्ची पुसली. मग जुन्या दिवसांत रमला. ही कंपनी मुळात त्याने आणि सालोंगोंनी एका गॅरेजमध्ये सुरू केली होती, तेव्हा खिशात दमडी नव्हती, नांतोंगोच्या आईच्या हातचं उकडलेल्या केळ्यांचं मटोके आणि शेंगदाण्याचं कालवण खाऊन दोघांनी दिवस काढले. पुढे जुबाला चांगलं काम मिळालं म्हणून तो गेला, तिकडून अधूनमधून लोकांना प्रोग्राम लिहून द्यायचा, आणि थकून परत आला. नांतोंगोची आई म्हणजे कुणी खानावळवाली असणार, असं समजून मी पुढचा प्रश्न विचारला. त्या कालवणाच्या आठवणीने मला भूकही लागली होती, खोटं कशाला बोलू.

“एक विनंती आहे, बाई,” बर्नाबास शेवटी म्हणाला. “पोरगी लहान आहे. पोलिसांत देऊ नका. फक्त या धंद्यात पुन्हा दिसणार नाही एवढं बघा.”

किती मोठ्या मनाचा माणूस, असं मला वाटलं. निघताना कंपनीच्या तांत्रिक माणसाने आणखी एक गोष्ट सांगितली. दिलेलं उत्तर त्यांच्या यंत्रणेत वाचता येत नाही, फक्त बरोबर की चूक एवढं कळतं. पण किती वेळा प्रयत्न झाला तेही कळतं.

“चोराने उत्तर पहिल्याच फटक्यात बरोबर दिलंय,” तो म्हणाला.

म्हणजे लान्येरोच. सकाळी फोटो बघितला, दुपारी उत्तर दिलं. सगळं तिच्याकडेच बोट दाखवत होतं, आणि इतक्या सरळपणे दाखवत होतं की माझ्या तळहाताला खाज सुटली.

३

लान्येरो मला कामवोक्याच्या एका चपातीवाल्याकडे भेटली. अंडं गुंडाळलेली गरम चपाती हातात होती, पण एक घास खाल्लेला नव्हता. पंचविशीची, काटकुळी, डोळे लाल.

“ञाबो, तुम्ही त्यांच्याकडून आलात ना?” तिने विचारलं. इकडे बाईला ञाबो म्हणतात. “म्हणजे उत्तर आधीच ठरलेलं असेल.”

मी म्हटलं, माझ्याकडून उत्तर ठरवून घेणारा अजून जन्माला यायचाय. मग ती बोलायला लागली. गुलूला एका हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळायची. रात्रपाळीला मोबाइलवर धडे बघून सुरक्षेचं काम शिकली, एकेक प्रमाणपत्र परीक्षा देत गेली. ही जागा मिळेल या भरवशावर तिने तिकडची नोकरी सोडली होती. सोमवारी तिला दुसऱ्या एका कंपनीत मुलाखतीला जायचं होतं, पण शनिवारी सकाळीच त्यांचा फोन आला की येऊ नका. रेहेमाने मैत्रिणीला सांगितलं होतं, मैत्रिणीने आणखी कुणाला. कंपालात आमच्या धंद्यातली माणसं ती किती, एका लग्नाच्या मांडवात मावतील. शुक्रवारची रात्र सरायच्या आत सगळ्यांना कळलं होतं की गुलूची ती पोरगी चोर आहे.

आमच्या धंद्यात लोक स्वतःच्या घराच्या किल्ल्या आमच्या हातात देतात. कौशल्य कमी पडलं तर शिकता येतं. पण एकदा चोर हे नाव चिकटलं की तो रस्ता जन्मासाठी बंद. हे तिला माहीत होतं आणि मलाही. सोमवारी पोलीस आले असते तर तिचं आयुष्य सुरू व्हायच्या आधीच संपलं असतं.

“तू तो प्रश्न पाहिलास का?” मी विचारलं. “पहिल्या अपत्याचं नाव.”

“तुमच्या तोंडून आत्ता ऐकतेय.”

“तुला उत्तर द्यायचं असतं तर काय दिलं असतंस? खरं सांग.”

ती जराही घुटमळली नाही. “कीगोंगो. फोटो त्यांनीच दाखवला होता. आणि खरं सांगू का, मला चोरी करायची असती तर मी आदल्या तासाला सगळ्यांना चोरीची पद्धत शिकवून आले असते का?”

हे मला पटलं. पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. मी तिथूनच सालोंगोंना फोन लावला. माझ्या डोक्यात एकच साधी गोष्ट होती: चोराने नेमकं काय टाइप केलं ते पक्कं करून घ्यावं. मी सांगितलं की ते ‘विसरलात का’ बटण दाबा आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर स्वतः द्या. पलीकडे बोटांची टकटक ऐकू आली.

“कीगोंगो,” सालोंगो पुटपुटले. मग म्हणाले, “नाम्पीमा, हे चूक म्हणतंय.”

“नीट टाका.”

“नीटच टाकलं.” पुन्हा टकटक. “चूक. बाबिरिये टाकू का? चूक. अगं, आता बंदच झालं, उद्यापर्यंत थांबा म्हणतंय.”

ज्या प्रश्नाचं उत्तर खुद्द बापाला देता येत नव्हतं, ते चोराने पहिल्या फटक्यात दिलं होतं.

४

शनिवारची रात्र मी कूस बदलत काढली. आनंदाने, हे कबूल करते. असं कोडं वर्षानुवर्षं मिळत नाही. बापाला आपल्या पहिल्या मुलीचं नाव येत नाही, आणि चोराला येतं. त्यांचं कुठे लपवलेलं मूल वगैरे आहे का, इथपर्यंत माझं डोकं धावून आलं. रविवारी मी सरळ सालोंगोंच्या घरी, किरेकाला जाऊन धडकले.

त्यांच्या बायकोला सगळे नालोंगो म्हणतात, जुळ्यांची आई. तिने मला न विचारता ताट वाढलं. जुळ्या बाबिरिये आणि नाकाटो अंगणात भांडत होत्या. थोरली कीगोंगो, बारा-तेरा वर्षांची, पाणी आणून देत होती. मी सालोंगोंना आडून आडून विचारत होते की आणखी कुणी मूल, लहानपणी गेलेलं वगैरे. ते बिचारे गोंधळले, मग चिडले. नाही म्हणाले. पहिली हीच, समोर उभी आहे.

तेवढ्यात त्या पहिलीच्या हातून कालवणाचं पातेलं सटकलं आणि शेंगदाण्याचं सगळं कालवण नव्या चटईवर पसरलं.

“नांतोंगो!” नालोंगो स्वयंपाकघरातून कडाडली.

माझा घास हातातच राहिला. आई रागावली की पोराला खऱ्या नावाने हाक मारते, हे माझ्या आईनेही केलेलं आहे.

“तिचं नाव नांतोंगो आहे?” मी विचारलं.

“बारशाचं,” नालोंगो फडका शोधत म्हणाली. “जुळ्या झाल्या तेव्हा ही तीनेक वर्षांची होती. तेव्हापासून ती कीगोंगो झाली, मी नालोंगो झाले, हे सालोंगो झाले. आता जुनं नाव कोण घेतंय? राग आला की तेवढं तोंडात येतं.”

मी सालोंगोंकडे वळले. कंपनीचं खातं तुम्ही कधी उघडलंत, असं विचारलं. ते म्हणाले, कंपनी सुरू केली त्या आठवड्यात, गॅरेजमध्ये. आणि जुळ्या? त्यानंतर वर्षा-दीड वर्षाने. बोलता बोलता त्यांनाच उमगलं. त्यांनी धावत जाऊन कॉम्प्युटर आणला. बंदी उठली होती. त्यांनी लेकीचं विसरलेलं नाव टाइप केलं आणि दार उघडलं.

सालोंगो लहान मुलासारखे हसायला लागले. मी मात्र हसू शकले नाही, कारण तेवढ्यात ते नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलं होतं ते मला आठवलं. ती खानावळवाली नव्हती. ती माझ्यासमोर फडका घेऊन उभी होती.

५

सोमवारी सकाळी सालोंगोंच्या खोलीत आम्ही पाच जण बसलो. पोलिसांना अकरा वाजता यायला सांगितलेलं होतं. लान्येरो दाराजवळच्या खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती, कधीही उठवतील अशी. बर्नाबासने सगळ्यांसाठी चहा मागवला होता.

मी म्हटलं, मला फक्त एक प्रश्न विचारायचाय. सालोंगोंच्या पहिल्या मुलीचं नाव काय?

लान्येरो म्हणाली, कीगोंगो. रेहेमाही तेच म्हणाली. बर्नाबासने कप खाली ठेवला आणि तोही म्हणाला, कीगोंगो.

“रेहेमा, तिला दुसरं नाव आहे का?” मी विचारलं.

“दुसरं? बारशाचं असेलच की. मला कधी विचारायची वेळच आली नाही.”

“बरोबर. कारण तू आलीस तेव्हा जुळ्या चांगल्या मोठ्या होत्या. लान्येरोने तर त्या घरात पाऊलही टाकलेलं नाही. ती गुरुवारी तुमच्यासमोर छातीठोकपणे म्हणाली, जुळ्यांच्या आधीचं मूल म्हणजे कीगोंगो. तिने चोरी केली असती तर तेच टाइप केलं असतं आणि दार बंद राहिलं असतं. सालोंगोंनी स्वतः तेच टाइप केलं आणि त्यांच्याच दाराबाहेर अडकले.” मी बर्नाबासकडे बघितलं. “खरं उत्तर जुळ्यांच्या आधीचं आहे. ते पटकन कुणाच्या बोटांवर येईल? या घरात जुळ्या जन्मण्याआधी जो उठबस करायचा आणि त्या जन्मल्या तेव्हा जो इथे नव्हता. ज्याच्या डोक्यात ती मुलगी कधी कीगोंगो झालीच नाही.”

बर्नाबास हसला. “बाई, नाव तर तिच्या आजीलाही माहीत असेल.”

“आजी गुरुवारी प्रशिक्षणाच्या खोलीत जेवत नव्हती. तुम्ही जेवत होतात. आणि शनिवारी तुम्ही मला नांतोंगोच्या आईच्या हातच्या कालवणाबद्दल सांगितलंत. सगळं किरेका ज्या बाईला नालोंगो म्हणतं तिच्या.”

रेहेमाच्या तोंडाचा आ झाला.

“पण का?” सालोंगोंनी विचारलं. “तुला ते प्रश्न कशाला हवे होते? तू तर परीक्षक होतास.”

“प्रश्न नकोच होते त्याला,” मी म्हटलं. “मला शनिवारपासून हेच खटकत होतं. चोरी झाली आणि फायदा कुणालाच नाही. फाइल कुणाला मिळालेली नाही. मग ही चोरी कशासाठी? चोर सापडावा यासाठी. लान्येरोने सकाळी जी पद्धत दाखवली, दुपारी त्याच पद्धतीने दार फोडायचं, म्हणजे बोट आपोआप तिच्याकडे जाईल. बर्नाबास, ती गुलूची पतसंस्था. तो प्रोग्राम जुबाहून कोणी लिहून दिला होता?”

उत्तर लान्येरोने दिलं, हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखं: “किल्ली खिळ्याला टांगून गेला.”

“ती इथे रुजू झाली असती तर त्या भोकामागे तुमचं नाव आहे हे तिने पहिल्याच महिन्यात शोधून काढलं असतं,” मी म्हटलं. “एक सांगू? तीनदा मुद्दाम चुकीचं नाव टाकून नुसतं खातं बंद पाडलं असतंत, तरी आळ तिच्यावरच गेला असता आणि मीही फसले असते. घाई नडली.”

बर्नाबासने कप दूर सारला. मग त्याने मान्य केलं, आणि मान्य करताना तो माझ्याशी नाही, सालोंगोंशी बोलला. “मला प्रश्न दिसला आणि ते पोर डोळ्यांसमोर आलं. गॅरेजमध्ये टायरच्या ढिगावर बसलेलं. दुसरं नाव डोक्यातच आलं नाही.”

“माझ्या लेकीच्या नावाने तू दुसऱ्याच्या लेकीचा गळा कापायला निघालास,” सालोंगो म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मला या माणसाची त्या क्षणी फार दया आली. चोर पकडल्याचा माझा सगळा उत्साह खाली बसला.

बर्नाबास उठून गेला. अकरा वाजता पोलीस आले तेव्हा त्यांना सांगण्यासारखं वेगळंच काही होतं.

६

मग सालोंगोंनी लान्येरोला नोकरी देऊ केली. माफी मागितली, मार्क तुझेच आहेत म्हणाले, पगारही वाढवून सांगितला. मला वाटलं पोरगी आता हसेल. ती हसली नाही.

“नोकरीचं नंतर बघू, साहेब,” ती म्हणाली. “ज्यांना ज्यांना तुम्ही माझं नाव सांगितलंत, त्यांना आधी फोन करा. माझ्यासमोर.”

सालोंगोंच्या हाताखाली एवढी माणसं आहेत, पण त्यांनी मुकाट्याने फोन उचलला. पहिला फोन त्या कंपनीला ज्यांनी मुलाखत रद्द केली होती. दुसरा आणखी कुणाला. मध्ये रेहेमाने आपला फोन काढला आणि कोपऱ्यात जाऊन मैत्रिणीला सांगायला लागली, रडत रडत, माझं चुकलं, मी उगाच बोलले. सालोंगो प्रत्येकाला तेच वाक्य सांगत होते: चोरी आमच्याच माणसाने केली, या मुलीचा काही संबंध नाही. लान्येरो प्रत्येक फोन शेवटपर्यंत ऐकत होती, मान खाली घालून. चहा तसाच गार झाला.

“आणि तुझी आई?” सालोंगोंनी विचारलं. “तिलाही मीच सांगणार. अर्जात घरचा नंबर आहे.”

लान्येरो एकदम उठली. नको म्हणाली, राहू दे म्हणाली. पण सालोंगो आता कुणाचं ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांनी फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडून एका बाईचा आवाज आला, मागे कोंबड्यांचा कलकलाट. सालोंगो इंग्रजीत बोलायला लागले, अगदी मनापासून. तुमच्या मुलीवर आम्ही खोटा आळ घेतला, तिला चोर म्हटलं, मी तुमची हात जोडून माफी मागतो. बोलता बोलता त्यांचा आवाज कापला.

मग त्या बाईने गुलूकडच्या अचोली भाषेत विचारलं, माझ्या लेकीचं काम लागलं का? इंग्रजी तिला येत नव्हतं.

सालोंगोंनी फोन लान्येरोपुढे धरला. “तू सांग तिला. मी बोललो ते सगळं सांग.”

लान्येरोने फोन हातात घेतला. माझी सासू तिकडचीच आहे, त्यामुळे मला अचोली कळते, आणि आईच्या त्या एका प्रश्नावरूनच माझ्या लक्षात आलं होतं की या पोरीने घरी यातलं काहीही सांगितलेलं नव्हतं. चार दिवस तिने आईला सगळं ठीक चाललंय असंच सांगितलं होतं.

“कोण आहे गं तो?” आई विचारत होती. “रडतोय का तो माणूस?”

लान्येरोने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सालोंगोंकडे. मग तिने डोळे पुसले.

“माझे साहेब आहेत, आई,” ती म्हणाली. “त्यांना सर्दी झालीय. विचारतायत, मी उद्यापासून कामावर येऊ शकते का.”

पलीकडून अशी लांबलचक आरोळी उठली, लग्नात बायका मारतात तशी, की तिसऱ्या मजल्यावरची सगळी माणसं कामं सोडून दाराशी आली. सालोंगोंना वाटलं आपल्याला क्षमा मिळाली. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि मी त्यांना काहीच सांगितलं नाही.